हिऱ्याच्या व्यापाऱ्याची दोन दिवसांची काशी

पंचगंगा म्हटलं की मराठी माणसाला आधी कोल्हापूर आठवतं. पण काशीलाही एक पंचगंगा आहे. ती नदी नव्हे, घाट आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्या इथे एकत्र येतात, अशी श्रद्धा. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. बाकीच्या चौघी मनाने पाहायच्या. काशीच्या पाच मुख्य तीर्थांत या घाटाची गणना होते. तरीही आपल्याकडच्या यात्रेकरूंच्या वाट्याला तो बहुधा नावेतूनच येतो. नावाडी वल्हं थांबवून हात करतो, "वो देखिए, पंचगंगा." सगळे नमस्कार करतात आणि नाव पुढे निघून जाते.

याला कारण वेळ. नोकरदार कुटुंबाची काशीयात्रा आता दोन दिवसांत आटोपते. पहिल्या दिवशी विश्वनाथाचं दर्शन आणि संध्याकाळची गंगाआरती. दुसऱ्या दिवशी सकाळी सारनाथ, दुपारी बनारसी साड्यांचं दुकान आणि रात्री परतीची गाडी. घरी आल्यावर शेजारच्या काकू प्रसादाचा पेढा तोंडात टाकत विचारतात, "काय काय पाहिलंत?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "अहो, दोन दिवसांत काय पाहणार?"

काय पाहता येतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. डिसेंबर १६६५ मध्ये एक परदेशी प्रवासी काशीत उतरला. त्याच्याकडेही दोनच दिवस होते, आणि त्या दोन्ही दिवशी पाऊस पडत होता. तो भाविक नव्हता. त्याला संस्कृत येत नव्हतं. तो हिऱ्यांचा व्यापारी होता. तरीही पंचगंगा घाटावरच्या एका देवळाचं त्याने करून ठेवलेलं वर्णन आज आपल्याला फार मोलाचं वाटावं, असं आहे. त्याचं नाव झाँ-बातिस्त टॅव्हर्निये.

नकाशेवाल्याचा मुलगा

टॅव्हर्नियेचा जन्म १६०५ चा, पॅरिसचा. पण त्याचं घराणं मूळचं अँटवर्पचं. आज बेल्जियममध्ये असलेलं हे बंदर म्हणजे युरोपातली हिऱ्यांची जुनी पेठ. बनावट रत्नांच्या विक्रीवर या शहराने १४४७ मध्येच बंदी घातली होती. बंदी घालावी लागली, याचाच अर्थ खऱ्या रत्नांचा बाजार तेव्हा चांगला भरात होता.

हे हिरे येत कुठून? त्या काळी जगाला हिरे पुरवणारा देश म्हणजे प्रामुख्याने आपला हिंदुस्थान. ब्राझीलमध्ये हिरे सापडले ते अठराव्या शतकात आणि दक्षिण आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकात. त्याआधी युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या मुकुटात जो हिरा चमके, तो बहुधा गोवळकोंड्याच्या मुलखातल्या खाणीतून निघालेला असे. पोर्तुगिजांनी गोव्यात बस्तान बसवल्यावर या मालाला समुद्राची वाट मिळाली. गोव्याहून लिस्बन आणि लिस्बनहून अँटवर्प. तिथले कारागीर त्याला पैलू पाडत.

अँटवर्पमध्ये आणखी एक धंदा जोरात होता, तो नकाशांचा. अब्राहम ऑर्टेलियसचं 'थिएट्रम ऑर्बिस टेरारम' हे नकाशांचं पुस्तक १५७० मध्ये याच शहरात छापलं गेलं. जगातला पहिला आधुनिक अॅटलास म्हणून ते ओळखलं जातं. टॅव्हर्नियेचे वडील गाब्रिएल हेही नकाशांच्याच धंद्यातले. घराणं प्रॉटेस्टंट पंथाचं. अँटवर्पवर तेव्हा कॅथलिक स्पेनची सत्ता होती आणि प्रॉटेस्टंटांचा छळ होत होता. त्यामुळे हे कुटुंब पॅरिसला येऊन राहिलं. पुढे १५८५ मध्ये स्पेनच्या फौजांनी अँटवर्प जिंकल्यावर तर कारागीर आणि व्यापारी हजारोंच्या संख्येने शहर सोडून गेले. हिऱ्याचा मोठा धंदा त्यांच्यासोबत अॅमस्टरडॅमला गेला.

असं आपलं गाव सुटलेल्या घरात, नकाशांच्या ढिगात हा मुलगा वाढला. वडिलांकडे लोक येत, दूरच्या देशांच्या गोष्टी निघत, आणि मुलगा कान देऊन ऐकत बसे. नकाशा पाहणं आणि तिथे प्रत्यक्ष जाणं यांत फरक असतो, हे त्याला लवकरच कळलं असावं. वयाच्या पंचविशीत तो पूर्वेकडे निघाला आणि १६३० ते १६६८ या काळात त्याने सहा मोठ्या सफरी केल्या.

दिव्याच्या उजेडात हिरा

सुरतेच्या बंदरात उतरायचं, तिथून गोवळकोंड्याला जायचं, खाणींवर हिंडून माल पाहायचा आणि तो घेऊन युरोप गाठायचं, असा टॅव्हर्नियेचा परिपाठ होता. त्याच्या पुस्तकातली हिऱ्यांच्या खाणींची प्रकरणं आजही वाचनीय आहेत. युरोपातले जवाहिरे हिरा दिवसाच्या उजेडात पाहतात, पण हिंदुस्थानातले व्यापारी रात्री पाहतात, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे. भिंतीत एक कोनाडा करायचा, त्यात मोठ्या वातीचा दिवा ठेवायचा आणि हिरा बोटांत धरून त्या उजेडात त्याचं 'पाणी' पारखायचं.

सौदा कसा होई, तेही त्याने लिहिलं आहे. दोघे व्यापारी समोरासमोर बसत, कापडाखाली एकमेकांचा हात धरत आणि तोंडातून अवाक्षर न काढता बोटांनीच भाव ठरवत. अख्खा पंजा धरला तर हजार, एक बोट दाबलं तर शंभर, बोटाचं नुसतं टोक दाबलं तर दहा. भोवती माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. आपल्याकडच्या बैलबाजारात आणि आंब्याच्या घाऊक बाजारात रुमालाखालचा हा सौदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. बाजार समितीत त्याला 'हत्ता पद्धत' म्हणतात.

अशा धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या नजरेला एक वळण लागतं. समोर आलेली वस्तू तो आधी नीट पाहतो. लांबी किती, रुंदी किती, रंग कसा, डाग कुठे आणि जडणघडण काय. आपलं मत तो नंतर बनवतो. कारण हिरा एकदा हातातून गेला की परत पाहायला मिळत नाही. जे काही पाहायचं, ते त्या दोन-चार क्षणांत.

हीच नजर घेऊन टॅव्हर्निये पंचगंगेवर आला.

पावसातले दोन दिवस

नोव्हेंबर १६६५ च्या सुरुवातीला तो दिल्लीत होता. तिथे औरंगजेबाच्या खजिन्यातली रत्नं पाहण्याची, हातात घेऊन पारखण्याची संधी त्याला मिळाली. मोगलांचा प्रसिद्ध मोठा हिराही त्याने तेव्हाच पाहिला. हा त्याच्या आयुष्यातला भाग्याचा दिवस म्हणायला हवा. त्यानंतर महिन्याभरातच तो आग्र्याहून बंगालकडे निघाला. सोबत होता फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये. मोगल दरबाराची हकीकत लिहिणारा म्हणून त्याचं नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतही येतं.

११ डिसेंबरला ही मंडळी काशीत पोहोचली. १२ आणि १३ तारखेचा मुक्काम. आभाळ दोन्ही दिवस गळत होतं. दुसरा कुणी असता तर सराईत पाय पोटाशी घेऊन पडून राहिला असता. टॅव्हर्निये मात्र गावात हिंडला.

त्याच्या डोळ्यांत आधी भरली ती घरं. विटांची आणि घडीव दगडांची, हिंदुस्थानातल्या इतर गावांत त्याने पाहिली होती त्यांपेक्षा उंच. पण गल्ल्या फार अरुंद, ही त्याची तक्रार. काशीला जाऊन आलेला प्रत्येक जण ही तक्रार आजही करतो! मग त्याने सराई पाहिली. तिथे सुती आणि रेशमी कापड विकायला बसलेले विणकर पाहिले. माल विकण्याआधी त्यावर सरकारी ठेकेदाराचा शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड आणि फटके बसतात, हेही त्याने टिपलं. व्यापारीच तो, शिक्का त्याच्या नजरेतून कसा सुटेल?

आणि मग तो पंचगंगेवरच्या मोठ्या देवळाकडे वळला. हे देऊळ बिंदुमाधवाचं. विष्णूचं हे रूप काशीत फार प्राचीन मानलं जातं. लोक 'बेणीमाधव' असंही म्हणत. टॅव्हर्नियेच्या फ्रेंच कानाने ते 'बैनमादू' असं ऐकलं आणि तसंच लिहिलं.

डच लोकांचे पृथ्वीगोल

देवळाला लागून एक पाठशाळा होती. ती काढली होती राजा जयसिंगाने. हा जयसिंग आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. ज्याच्याशी शिवाजी महाराजांना जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह करावा लागला, तोच हा मिर्झाराजा. टॅव्हर्निये काशीत होता तेव्हा जयसिंग दक्षिणेतल्या मोहिमेवर होता आणि इकडे त्याच्या पाठशाळेत राजघराण्यातली मुलं ब्राह्मण गुरूंकडे शिकत बसली होती.

दारातून डोकावणाऱ्या परदेशी माणसाला त्यांनी आत बोलावलं. तो फिरंगी आहे हे कळल्यावर त्याच्या मुलखाबद्दल, विशेषतः फ्रान्सबद्दल, विचारपूस सुरू झाली. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका ब्राह्मणाने आतून दोन पृथ्वीगोल आणले. डच लोकांनी ते भेट दिले होते. टॅव्हर्नियेने त्या गोलावर फ्रान्स कुठे आहे ते दाखवलं. मग गप्पा झाल्या आणि निरोपाचा विडा आला.

क्षणभर हे चित्र डोळ्यांसमोर आणावं. गंगेच्या काठावरची पाठशाळा, बाहेर गारठा, सतरंजीवर बसलेली मुलं आणि मधोमध तो लाकडी गोल. अँटवर्प सोडून आलेल्या एका नकाशेवाल्याचा मुलगा त्यावर बोट ठेवून आपला देश दाखवतो आहे. त्याच्या बापाने आयुष्यभर पॅरिसमध्ये बसून जगाचे नकाशे विकले. मुलाला पॅरिस दाखवण्याची वेळ आली ती पंचगंगा घाटावर.

उठण्याआधी टॅव्हर्नियेने एक गोष्ट न विसरता विचारली. देऊळ उघडतं केव्हा? उत्तर मिळालं, उद्या पहाटे, सूर्योदयाच्या थोडं आधी या. तो बरोबर वेळेवर दारात हजर झाला.

नऊ वातींची आरती

त्याने जे पाहिलं ते असं. देवळाचा आराखडा क्रुसासारखा, चारही बाजू सारख्या लांबीच्या. मधोमध उंच, निमुळतं होत गेलेलं शिखर. चारही टोकांना बुरुजासारखे मनोरे आणि त्यांवर बाहेरून चढता येईल अशी सोय. शिखराच्या बरोबर खाली मेजासारखा चौथरा, सात-आठ फूट लांब आणि पाच-सहा फूट रुंद. त्यावर जरीचं वस्त्र. चौथऱ्यावर देव. मूर्तीचं डोकं आणि मान तेवढी दिसत होती, बाकी सारं अंग पायघोळ वस्त्राखाली झाकलेलं. गळ्यात कधी सोन्याची, कधी माणकांची, कधी मोत्यांची, कधी पाचूंची माळ. जवळच गरुडाची मूर्ती. हा गरुड आहे हे त्याला सांगितलं गेलं, पण तो प्राणी नेमका कोणता, हे काही त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

दाराशी गर्दी जमलेली. पडदा बाजूला झाला आणि सगळ्यांनी लोटांगण घातलं. मग उठून लोकांनी फुलं आणि हार पुढे केले. पुजारी ते देवाला लावून परत देत होते. एक वृद्ध ब्राह्मण नऊ वातींचा दिवा हातात धरून उभा होता आणि मधूनमधून त्यावर धूप टाकत होता.

देवळाच्या दारापासून थेट गंगेपर्यंत दगडी पायऱ्या उतरत होत्या. मध्ये टप्पे होते, लहान अंधाऱ्या खोल्या होत्या. लोक स्नान करून वर येत होते, गंगाजल भरून नेत होते. हेही सगळं त्याने लिहून ठेवलं.

टॅव्हर्नियेला आपला धर्म समजला होता, असं मुळीच म्हणता येणार नाही. त्याच्या पुस्तकात चुका आहेत, परक्या धर्माबद्दलचा आकसही जागोजागी दिसतो. पण फूट आणि पायऱ्या मोजताना तो आकस मध्ये आला नाही. पारख्याची शिस्त त्याच्या उपयोगी पडली.

१३ तारखेच्या संध्याकाळी त्याने गंगा ओलांडली. नावेत बसण्याआधी सगळ्या प्रवाशांच्या सामानाची झडती झाली, जवळच्या वापरातल्या वस्तूंवर जकात नव्हती, व्यापारी मालावर होती, अशीही नोंद त्याने केली आणि तो पुढे पाटण्याकडे गेला.

मागे काय उरलं

यानंतर चारच वर्षांनी, १६६९ मध्ये, औरंगजेबाच्या हुकमानंतर काशीतली मोठी देवळं पाडली गेली. विश्वनाथाचं गेलं, तसं बिंदुमाधवाचंही गेलं. पंचगंगेच्या उंच काठावर त्या जागी मशीद उभी राहिली. आलमगीर मशीद हे तिचं नाव. पण काशीच्या लोकांनी तिच्या उंच मनोऱ्यांना नाव दिलं 'माधोराय का धरहरा'. देऊळ गेलं तरी माधवाचं नाव त्या जागेला चिकटून राहिलं.

हे मनोरेही फार वर्षं टिकले नाहीत. एकोणिसाव्या शतकात ते झुकू लागले, तेव्हा त्यांची दुरुस्ती केली जेम्स प्रिन्सेपने. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच प्रिन्सेप. १८२० ते १८३० या काळात तो काशीच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा अधिकारी होता. म्हणजे तोही एका अर्थाने पारखीच! त्याने या घाटाची आणि मनोऱ्यांची सुरेख चित्रं काढून ठेवली. पुढे १९४८ मध्ये एक मनोरा कोसळला, त्याखाली माणसं दगावली आणि मग दुसराही उतरवावा लागला. आज मशीद आहे, मनोरे प्रिन्सेपच्या चित्रांत आहेत. देवळाची चित्रंही नाहीत. उरली आहेत ती मोजकी वर्णनं, आणि त्यांत सर्वात बारकाईचं वर्णन एका हिरे विकणाऱ्याचं.

विचार केला तर मन खिन्न होतं. त्या देवळात रोज शेकडो माणसं जात असतील. पुजाऱ्याच्या हाताला त्या नऊ वातींची सवय असेल. पाठशाळेतल्या विद्वानांनी व्याकरणावर आणि न्यायशास्त्रावर पोथ्याच्या पोथ्या लिहिल्या असतील. पण आपल्या खिडकीसमोरच्या देवळाला पायऱ्या किती आणि चौथरा केवढा, हे लिहून ठेवावं असं कुणाला का वाटलं असतं? ते देऊळ काल होतं, आज होतं आणि उद्याही असणारच होतं. टॅव्हर्नियेला मात्र ठाऊक होतं की आपण इथे परत येणार नाही. म्हणून त्याने पाहून घेतलं.

काशीतले मराठी हात

पंचगंगेची कथा इथे संपत नाही, आणि पुढची कथा बरीचशी मराठी आहे. अठराव्या शतकात औंधच्या पंतप्रतिनिधींनी घाटाची डागडुजी केली आणि बिंदुमाधवासाठी मशिदीजवळच नवं स्थान उभारलं. हे देऊळ बाहेरून देवळासारखं दिसत नाही. ती वाड्यासारखी इमारत आहे. शिखर शोधत गेलेला माणूस दारावरून पुढे निघून जातो. आत मात्र बिंदुमाधवाची पूजा चालू आहे.

घाटावर दगडी दीपस्तंभ आहे, तो पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचा. त्याला 'हजारा' म्हणतात, म्हणजे हजार दिव्यांचा. कार्तिक पौर्णिमेला तो उजळतो तेव्हा आपल्याकडच्या देवळांपुढच्या दीपमाळांची हटकून आठवण होते. काशीची देवदिवाळी आज लाखो लोक पाहायला जातात. तिला सध्याचं रूप आलं ते १९८०च्या दशकात, आणि त्याची सुरुवात याच घाटावरून झाली. कार्तिक महिनाभर इथे उंच बांबूंवर वेताच्या टोपल्यांतून आकाशदिवे चढवले जातात. पितरांना वाट दिसावी म्हणून ते लावायचे, अशी समजूत आहे.

आणखीही खुणा आहेत. आपले एकनाथ महाराज काशीत राहिले आणि त्यांनी भागवतावरचा आपला मराठी ग्रंथ इथेच १५७३ मध्ये, कार्तिक पौर्णिमेला, पूर्ण केला. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट काशीचेच. 'गंगालहरी' म्हणत एकेक पायरी चढणाऱ्या गंगेची आणि जगन्नाथ पंडिताची कथा आपल्या आज्यांनी सांगितलेली आहे. ती याच घाटावर घडली, असं परंपरा मानते. पंचगंगेला लागून दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. तिथल्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराण्यांमुळे या भागात मराठी शब्द कानावर पडला तर दचकायचं कारण नाही.

हिरा कुठे गेला?

टॅव्हर्नियेचं पुढे काय झालं, हे कुणीही विचारील. १६६८ मध्ये तो मायदेशी पोहोचला. त्याच्याजवळ निळ्या रंगाचा एक मोठा हिरा होता. तो कृष्णाकाठच्या कोल्लूर खाणीतला असावा, असं मानतात. म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या पंचगंगेत उगम पावणाऱ्या कृष्णेच्याच काठचा! फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तो विकत घेतला, त्याला नव्याने पैलू पाडून घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ मध्ये तो चोरीला गेला. पुढे लंडनमध्ये लहान आकाराचा एक निळा हिरा दिसू लागला आणि 'होप डायमंड' या नावाने जगभर गाजला. तो त्याच हिऱ्याचा उरलेला भाग असल्याचं आता अभ्यासक मानतात. १९५८ पासून तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात काचेमागे ठेवलेला आहे. टॅव्हर्नियेने आपल्या सफरींचं पुस्तक १६७६ मध्ये प्रसिद्ध केलं आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी, १६८९ मध्ये, पुन्हा प्रवासात असतानाच तो मॉस्कोत वारला.

आणि अँटवर्प? अॅमस्टरडॅमला गेलेला हिऱ्याचा धंदा आफ्रिकेतल्या खाणी सापडल्यावर तिथे पुन्हा भरभराटीला आला. १९६०च्या दशकापासून पालनपूरचे गुजराती जैन व्यापारी तिथे जाऊन स्थिरावले आणि त्या बाजारातले मातब्बर झाले. १९०५ साली बांधलेल्या देखण्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की चार पावलांवर हिरेबाजाराच्या गल्ल्या लागतात. शहराच्या एका उपनगरात संगमरवरी जैन मंदिरही उभं आहे. खुद्द पैलू पाडण्याचं बहुतेक काम आता सुरतेत होतं. टॅव्हर्निये ज्या बंदरात उतरायचा, तीच ही सुरत.

युरोपची सहल करणारी मराठी कुटुंबंही हल्ली एक-दोन दिवस अँटवर्पला काढतात. त्यांनी दागिन्यांच्या दुकानांच्या काचांपुढे फोटो जरूर काढावेत. पण प्लँटिन-मोरेटस या जुन्या छापखान्याच्या संग्रहालयातही जाऊन यावं. शेकडो वर्षांची छपाईयंत्रं आणि जुने नकाशे तिथे जपून ठेवले आहेत. असेच नकाशे पाहत एक मुलगा मोठा झाला आणि आपल्या गंगेपर्यंत पोहोचला, हे तिथे मुलांना सांगता येईल.

दोन दिवस असतील तर

काशीला दोनच दिवस असतील, तर त्यांतली एक पहाट पंचगंगेला द्यावी. सूर्योदयाआधी नाव ठरवावी आणि नावाड्याला आधीच सांगावं की पंचगंगेवर उतरायचं आहे, नुसतं दाखवायचं नाही. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. मध्ये टप्प्यांवर बसता येतं. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातो, तेव्हा हा बेत करू नये. वर गेल्यावर बिंदुमाधवाचं स्थान, तैलंगस्वामींचा मठ आणि दीपस्तंभ पाहावा. कार्तिकात गेलात तर संध्याकाळचे आकाशदिवे चुकवू नयेत.

आणि सोबत एक लहानशी वही ठेवावी. आपल्या घरातल्या किती आज्या, पणज्या काशीला जाऊन आल्या! परत आल्या तेव्हा मावंदं झालं, गावजेवण झालं, गंगेचा गडू देव्हाऱ्यात बसला. पण त्या कोणत्या घाटावर उतरल्या, कुणाच्या घरी राहिल्या आणि पहाटेच्या काळोखात काय पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे कुणी विचारून लिहून ठेवलं का? त्या घरातच होत्या. रोज दिसत होत्या. उद्याही असणारच होत्या.

म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन काशीला जाणारा मुलगा किंवा सून सगळा वेळ तिकिटं, रिक्षा आणि रांगा यांच्यामागे असते. यात त्यांचा दोष नाही, कुणीतरी ते करायलाच हवं. पण त्या दोन दिवसांतला अर्धा तास पंचगंगेच्या पायरीवर बसून काढावा. आई गंगेकडे पाहून काय पुटपुटते ते ऐकावं. तिच्या ओंजळीतलं पाणी, तिने घरून आणलेली वात, ती कुणाच्या नावाने सोडते तो दिवा, हे नीट पाहावं आणि रात्री गाडीत बसल्यावर वहीत दहा ओळी लिहाव्यात. त्यासाठी लेखक असण्याची गरज नाही. टॅव्हर्निये तरी कुठे लेखक होता?